तळहाताएवढं सालीचं कापड

टकटकचे हात गप्प बसलेले कुणी पाहिले नव्हते. चहाचा ग्लास हातात आला की ग्लासावर, तो खाली ठेवला की बाकावर, बाक सोडून उठला तर स्वतःच्याच मांडीवर, त्याची बोटं चालूच असायची. गॅरेजात तो डेंटर होता. तीस वर्षं चेपलेले दरवाजे आणि बोनेटं ठोकून सरळ करत होता. दिवसभर ठोकून माणसाचे हात दमतात म्हणे. ह्याचे दमत नसत. त्याला 'टकटक' हे नाव पेंटरनं ठेवलं होतं, आणि आता गाड्या आणणारी माणसंही फाटकातून आत येतानाच विचारत, "टकटक आहेत का?"

काम मात्र असं, की रंग मारायच्या आधीच पेंटर पत्र्यावरून हात फिरवून म्हणायचा, "मिस्त्री, ह्याला पुट्टी कुठे लावू? तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय." हातोडा पत्र्यावर पडतो तेव्हा बारीक चंद्रकोरीसारखे वळ उठतात. सगळ्यांच्या हातून उठतात. टकटकच्या उठत नसत. कारण हातोडा आणि पत्रा यांच्यामध्ये तो काहीतरी धरायचा. तपकिरी, मऊ, चामड्यासारखं, पण चामडं नव्हे. कुणी विचारलं तर म्हणायचा, "फडकं आहे." आणि ते 'फडकं' खिशात घालून तो दुसऱ्या गाडीकडे वळायचा.

बुधवारी दुपारी त्याच्या बहिणीचा, आक्काचा फोन आला.

"धाकट्या, ऐकतोयस का? आधी ती बोटं थांबव. मला इथवर ऐकू येतंय."

टकटकनं बोनेटवरची बोटं उचलली. "बोल आक्का."

"संग्रहालयात गेले होते मी. नातीच्या शाळेची सहल होती, मीपण घुसले. तिथं नवीन दालन काढलंय, पोशाखांचं. एका बाहुल्याला आपलं कापड नेसवलंय. सालीचं. गाठ कुठं मारलीय सांगू? कमरेला! काखेखालची गाठ कमरेला! आणि खाली पाटी. 'वल्कल. आदिवासी पोशाख. बनवणारा अज्ञात.' अज्ञात म्हणे! म्हणजे काय, झाडानं आपलं आपणच विणलं?"

"विणत नाहीत आक्का, ठोकतात."

"ते तू मला शिकवू नकोस. मी तिथल्या मॅडमना गाठलं. म्हटलं, बनवणारा नाही, बनवणारी. आणि अज्ञात कसली? माझ्या आईनं बनवलेलं कापड आहे आमच्या घरात. तिचं नाव लावा. त्या बिचाऱ्या चांगल्या निघाल्या. म्हणाल्या, दाखवा, नावासकट लावू. पुढच्या गुरुवारी येतायत तुझ्याकडे. मीपण येते." मग तिनं विचारलं, "पेटीत आहे ना रे?"

"आहे की," टकटक म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याची बोटं पुन्हा बोनेटवर आली, पण त्यांना ताल सापडेना. त्यानं खिशातून ते फडकं काढलं आणि तळहातावर पसरलं. तळहातावर मावलं. त्यावर निळ्या, पांढऱ्या, लाल रंगाचे डाग होते आणि मधोमध हातोड्यानं घासून काचेसारखी चकाकी आली होती. आईच्या कापडातलं एवढंच उरलं होतं.

*

हे कापड काय होतं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आईच्या आईच्या काळात त्यांच्या लोकांत सगळेच सालीचं नेसत. बायका काखेखाली गाठ मारत, पुरुष एका खांद्यावर. त्याला वल्कल वगैरे कुणी म्हणत नसे, नुसतं 'कापड' म्हणत. दुकानात मिळायचं त्याला 'बाजारातलं'. मग बाजारातलं वाढत गेलं. धुतलं तरी विरघळत नसे, फुलाफुलांचं असे, आणि मुख्य म्हणजे ते नेसून कचेरीत गेलं तर दाराबाहेर उभं करत नसत. सालीचं नेसून गेलं की शिपायापासून सगळे म्हणायचे, "झाडं आली बघा." एकदा तर कॅमेरा घेऊन एक माणूस आला आणि बाजारातलं नेसलेल्या बायकांना म्हणाला, तुमचं ते जुनं नेसा, मग फोटो काढतो. बायकांनी घरात जाऊन नेसलं, फोटो झाला, परत जाऊन बदललं. जे नेसून गेलं की हाकलत, तेच नेसलं की फोटो काढत. आईला यातलं काय खरं मानायचं ते कळलं नाही, म्हणून तिनं स्वतःपुरता तोडगा काढला. बाहेरून फुलाफुलांचं आणि आतून सालीचं.

दिसत नसे, पण ऐकू येई. नवं सालीचं कापड चालताना करकर वाजतं. आई शाळेत फी माफीचा अर्ज द्यायला आली तेव्हा सगळा वर्ग माना वळवून बघत राहिला होता. कुणाला कळेना आवाज कुठून येतोय. धाकट्याला माहीत होतं. तो बाकावर बोटं वाजवायला लागला, जोरजोरात, तो आवाज झाकला जावा म्हणून. मास्तरांनी त्याच बोटांवर पट्टी मारली. ती सवय तेव्हाची.

पुढे तो शहरात आला, हातोडा धरला, लग्न केलं. म्हातारपणी आई त्याच्याकडे राहायला आली ती एक पेटी घेऊन. पेटीत तिनं ठोकलेलं शेवटचं कापड होतं, वापरून वापरून इतकं मऊ झालेलं, की आता त्याचा आवाजही गेला होता. ती ते अंथरून झोपायची. रिकामं बसवत नसे म्हणून तिनं गावाहून आणलेली एक फांदी गॅरेजच्या मागे, भंगार गाड्यांच्या शेजारी खोचली. "वाढलं की साल काढू," म्हणाली. झाड वाढलं. ती राहिली नाही.

आईला जाऊन बावीस वर्षं झाली होती. ती गेली त्या दिवशी आक्का म्हणाली होती, "कापड तुझ्याकडे राहू दे. शेवटी तुझ्यापाशी होती ती. सांभाळ."

आणि सांभाळणाऱ्यानं त्याचे तुकडे केले होते. एकदम नाही. एक तुकडा वर्ष-दीड वर्ष पुरायचा. झिजला की दुसरा. प्रत्येक वेळी कात्री लावताना तो स्वतःला सांगायचा, एवढा शेवटचा. असं कापड बाजारात कुठंच मिळत नव्हतं. हातोड्याखाली फाटत नसे, ताणत नसे, पत्र्याला ओरखडा येऊ देत नसे. गेलं वर्षभर त्या पेटीत बायकोच्या जुन्या चादरी होत्या.

*

गुरुवारी सकाळी कामाला दांडी मारून तो आक्काकडे गेला. रात्रभर कूस बदलून त्याचं ठरलं होतं. झाड आहे. साल निघेल. हात ठोकणारे आहेत. गुरुवारपर्यंत सात दिवस. कापड नवं दिसेल, पण मळवता येईल, घासता येईल. आक्काची नजर तरी आता कुठं पूर्वीची राहिलीय? लागणार होती ती फक्त मोगरी. आईची साल ठोकायची मोगरी, चारी बाजूंनी खाचा असलेली. ती आक्काकडे होती.

आक्का खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होती. मोगरी खिडकीच्या दाराला अडण म्हणून लावलेली होती.

"बस," ती म्हणाली. "नाही, बसणार नाहीस. उभाच राहा. काय काढलंस?"

"सहज."

"सहज तू बापजन्मी आला नाहीस."

"ती मोगरी न्यावी म्हटलं. कापडासोबत ठेवू. मॅडमना दाखवायला."

"मग मी आणते की गुरुवारी. तुला कशाला ओझं?" आक्कानं शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला. "आणि खिडकी आपटते माझी. तोवर राहू दे."

"एक आठवडा अडण म्हणून वीट लाव ना."

"वीट आणून दे, मग लावते."

तो खरोखर वीट शोधायला निघाला, तशी आक्का हसायला लागली. "अरे बस रे! काय झालंय तुला? पायाला भिंगरी लागल्यासारखा. घरी भांडलास का?"

"नाही."

"मग कापडाला काही झालं?"

"काय होणार कापडाला," तो म्हणाला, आणि बोटं पाठीमागे घेऊन एकमेकांत गुंतवली. आक्का त्याच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या कोपरांकडे बघत होती. कोपरं हलत होती.

*

मोगरी मिळाली नाही, म्हणून ती बनवायची ठरली. कठीण लाकूड हवं होतं. भंगारात सगळं लोखंड. घरात टीपॉय होता तो भुशाचा. शेवटी त्याची नजर पलंगावर गेली. सासऱ्यांनी दिलेला जुना पलंग, त्याचे पाय शिसवाचे.

बायको बाजारातून आली तेव्हा पलंग तीन पायांवर आणि चार विटांवर उभा होता.

"अहो, हे काय?"

"एक पाय लागत होता."

"कशाला?"

"कामाला."

"माझ्या वडिलांनी दिलेल्या पलंगाचा?"

"तीन आहेत अजून."

तिनं पिशवी खाली ठेवली, पलंगावर बसून पाहिलं, पलंग कलला, ती उठली. मग ती काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे ती कुणाशी तरी बोलणार, हे त्याला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं करवतीनं पायावर खाचा पाडल्या. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला मध्यम, तिसऱ्या बाजूला इतक्या बारीक की नखानं मोजाव्या लागतील. आधी रुंद बाजूनं ठोकायचं, साल फाकते, मग मध्यम, शेवटी बारीक, त्यानं पोत येतो. हे सगळं त्याला पाठ होतं, कारण लहानपणी तो शेजारी बसून पाणी शिंपडायचा. आई ओंडक्याच्या एका बाजूला, आक्का दुसऱ्या बाजूला, आणि तो मध्ये वाटी घेऊन. ठोकायला मात्र त्याला कधी दिलं नव्हतं. ही गोष्ट त्यानं हिशेबात धरली नाही. तीस वर्षं ठोकणाऱ्याला ठोकता येतं की नाही, हा काय प्रश्न झाला?

शनिवारी दुपारी मालक बाहेर गेले तसा तो झाडापाशी गेला. झाड मांडीपेक्षा जाड झालं होतं, आणि पेंटरनं त्याच्या फांदीवर स्प्रेगनची नळी टांगली होती.

"मिस्त्री, झाडाला पण डेंट पडला का?" पेंटरनं विचारलं.

"नळी काढ तुझी."

वर एक गोल चीर, खाली एक गोल चीर, आणि मधून एक उभी. मग लाकडाची पातळ पाचर आत सरकवत सरकवत त्यानं साल सोडवली. फाटू न देता, एकसंध. सालीचा कोट अंगातून उतरावा तशी ती हातात आली, पांढरी, ओली, जड. पेंटर तोंडातली काडी काढून बघत राहिला.

"आता हे मरणार," तो झाडाकडे बघून म्हणाला.

"नाही मरत. घे, ही पानं धर."

खोडावरची साल काढली की ताबडतोब ते केळीच्या पानांत गुंडाळायचं असतं. वारा लागता कामा नये. गुंडाळलं तर त्याच खोडाला नवी साल येते, आणि ती पहिलीपेक्षा चांगली असते. आईनं सांगितलेलं हे एक काम लहानपणी खास त्याचं होतं. पानं त्यानं नीट लावली. बांधायला सुतळी मिळेना, म्हणून पेंटरचा मास्किंग टेप घेऊन वरपासून खालपर्यंत घट्ट वेटोळे घातले.

"छान," पेंटर म्हणाला. "आता प्रायमर मारू?"

*

रविवारी गॅरेज बंद असतं. त्यानं वरची खरबरीत साल खरवडून काढली, आतली साल ऑइलच्या धुतलेल्या पिंपात वाफवली, भंगारातला एक लांब ओंडका शेडखाली आडवा घातला, आणि सालीची पट्टी त्यावर पसरली. पट्टी होती दीड हात रुंद आणि छातीइतकी लांब. ठोकून ती चौपट रुंद व्हायला हवी.

पहिला घाव पडला आणि त्याला बरं वाटलं. आवाज ओळखीचा होता. पत्र्याचा नव्हे, बुजलेला, ओला, पोटातून आल्यासारखा आवाज. पंधरा मिनिटं त्यानं श्वास न घेता ठोकलं. साल पसरायला लागली. मग त्याला दिसलं की ती एका जागी कागदासारखी पातळ आणि शेजारी तशीच जाड राहतेय. त्यानं जाड जागी ठोकलं. ती बसली, तर शेजारी फुगवटा आला. त्यानं फुगवट्यावर ठोकलं. डेंटर असंच करतो. जिथं उचललेलं दिसेल तिथं मारतो, सपाट होईपर्यंत मारतो. पण पत्र्यातला फुगवटा आत जातो. सालीतला फुगवटा कुठं जाणार? तो पुढे सरकत राहिला, आणि त्याच्या मागे मागे टकटक. घामानं डोळे चुरचुरत होते. एका हातानं पाणी, एका हातानं मोगरी, पाणी कमी पडलं तर धागे सुटायला लागत, जास्त पडलं तर मोगरी घसरे. पाणी शिंपडणाऱ्या त्या मधल्या पोराची किंमत त्याला पन्नास वर्षांनी कळली.

मग जिथं फांदीचा डोळा होता, तिथं साल उसवली. बोटभर भोक पडलं. त्यानं थांबायला हवं होतं. थांबणं त्याला जमत नव्हतं. आणखी दहा घावांत त्यात मूठ जाईल एवढं झालं.

"तिथं मारून मारून काय ते झाड पुन्हा जिवंत करणारेस?"

शेडच्या तोंडाशी आक्का उभी होती. काखेत पिशवी, पिशवीतून आईची मोगरी डोकावत होती.

"तू कशी काय?"

"तुझ्या बायकोचा फोन. म्हणाली, वन्सं, तुमच्या भावानं माझ्या पलंगाचा पाय कापला, खाचा पाडून ठेवल्यात, विचारलं तर सांगत नाही. मी काय इतकी म्हातारी झाले का, की खाचा कशाला पाडतात ते मला कळू नये?" ती ओंडक्यापाशी आली. कापडाकडे तिनं बघितलं, भोकाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "पेटीत नाहीये ना?"

टकटकचे हात थांबले. 

"नाही."

"कुठाय?"

त्यानं खिशात हात घातला आणि ते फडकं काढून ओंडक्यावर ठेवलं. रंगाचे डाग, मधली चकाकी. सगळं सांगायला त्याला फार वेळ लागला नाही. हातोडा, पत्रा, वळ, एक तुकडा, मग दुसरा. पाठ केलेली गोष्ट असल्यासारखं तो बोलला. किती तरी वेळा मनात म्हणून झाली होती.

आक्का खाली बसली, तिथंच, ग्रीसच्या डागांत.

"मी बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आले," ती म्हणाली. "माझ्या नातीला सांगितलं, की मामाआजोबाकडे आपलं कापड आहे. तू त्यानं गाड्या पुसल्यास?"

"पुसल्या नाहीत. ठोकल्या."

"फार फरक पडला!"

"पहिला तुकडा आईनंच दिला," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला वाटलं, नसतं बोललं तर बरं झालं असतं. मेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं झालं. पण आता अर्धवट सोडता येईना. "मी नवीन होतो. माझ्या हाताचे वळ उठायचे, मालक ओरडायचे. एकदा ती डबा घेऊन आली, बाकावर बसून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी हा तुकडा आणून दिला. म्हणाली, मध्ये धरून बघ."

"आई? आई कापडाला कात्री लावेल?"

"हाच तो. हा मी जपून ठेवला होता. बाकीचे संपले, तेव्हा हा काढला."

"काहीही सांगू नकोस, धाकट्या." आक्काचा आवाज चढला. "चुकलास तर चुकलो म्हण. तिला मध्ये घेऊ नकोस!"

पण बोलता बोलता तिनं तो तुकडा उचलला होता. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग बघणं सोडून दिलं आणि अंगठा कडेवरून फिरवायला लागली. चारी कडांना बारीक टाके होते. तिरके, एकाआड एक लहानमोठे. भोकाला ठिगळ लावताना आई घालायची तेच. कडेचे धागे सुटू नयेत म्हणून. हातोड्याखाली धरायच्या चिंधीला कुणी शिवण घालत नाही. ज्याला ती टिकावी असं वाटतं तोच घालतो.

अंगठा एक पूर्ण फेरी फिरला. दुसरी फिरला.

"हा तिनं दिला," आक्का म्हणाली.

"हो."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे मी."

"हं."

 माफ केलं असं ती तेव्हाही म्हणाली नाही आणि पुढेही कधी म्हणाली नाही. तिनं तो तुकडा पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठली, आणि ओंडक्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. पिशवीतून मोगरी काढली.

"घडी घाल."

"काय?"

"कापडाची घडी घाल आधी. उघडं कधी ठोकतात का? चार पदरी घालायची, मग ठोकायचं, मग घडी बदलायची. म्हणजे सगळीकडे सारखं पसरतं. इतकी वर्षं वाटी घेऊन बसलास ते काय बघत होतास?"

"पाणी."

"तेच शिंपड आता. आणि फुगेल तिथं मारू नकोस. फुगणारच ते. तू मधून कडेकडे जा. मी मारते त्याच्या शेजारी मार, माझ्यावर नको. ऐकत मार."

ऐकत मारणं. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. उभ्या आयुष्यात त्याची बोटं तेच तर करत आली होती. आक्काचा घाव पडला. त्याचा पडला. तिचा, त्याचा. पहिली काही मिनिटं तो पुढे पळत होता आणि ती नुसती "हळू" म्हणत होती. मग तिनं "हळू" म्हणायचं सोडलं. बाकावर, ग्लासावर, बोनेटवर, मांडीवर तो जो ताल वाजवत आला होता, त्यात नेहमी एक घाव मोकळा सुटायचा. का सुटतो ते त्याला कधी कळलं नव्हतं. त्या मोकळ्या जागी आता पलीकडून मोगरी पडत होती.

उन्हं उतरेपर्यंत ते ठोकत होते. मधे एकदा आक्का दम खायला थांबली, झाडाकडे गेली आणि ओरडलीच. "हे काय पार्सल केलंयस? श्वास कोंडेल त्याचा!" मास्किंग टेप तिनं नखानं टराटरा काढला, आणि आपल्या साडीच्या काठाची चिंधी फाडून पानं सैल बांधली. "आठव्या दिवशी सोडायचं. मधेच उघडून बघायचं नाही. तुला सांगतेय. तुला!"

*

कापड काही चौपट झालं नाही. अडीचपट झालं असेल, एका कडेला वाकडं, आणि मधलं ते मुठीएवढं भोक. आक्कानं सोमवारी भोकाला ठिगळ लावलं. बुधवारपर्यंत ते गॅरेजच्या पत्र्यावर, कडांवर दगड ठेवून उन्हात पडलं होतं, आणि ऊन खाऊन खाऊन पांढऱ्याचं विटकरी झालं होतं. ते तीन दिवस टकटकला चैन नव्हतं. एक दरवाजा सरळ करायला त्याला दोन दिवस लागले आणि त्यावर वळही उठले. पेंटर पुट्टी लावताना काही बोलला नाही, हेच त्याला लागलं. आक्का येत होती, शिवत होती, जात होती. गुरुवारी मॅडमना काय सांगायचं, हे तिनं विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. नवं कापड जुनं म्हणून दाखवता आलं असतं. तेवढं ते मळलंही होतं.

गुरुवारी मॅडम आल्या. तरुण होत्या, हातांत पांढरे हातमोजे, सोबत एक सहायक आणि कागदाची मोठी पेटी, चार माणसांचं कापड मावेल एवढी. घरात त्या विटांवरच्या पलंगाच्या कडेला बसल्या, पलंग कलला, त्या सावरल्या.

"तर कुठे आहे ते?" त्यांनी विचारलं.

टकटकनं आक्काकडे बघितलं. आक्का खिडकीबाहेर बघत होती. म्हणजे बोलायचं त्यानंच होतं. नवं कापड कपाटात घडी करून ठेवलेलं होतं. एक हात लांब करायचा अवकाश होता. त्याची बोटं कपाटाच्या दारावर दोनदा वाजली.

"आक्का, पदर दे," तो म्हणाला.

आक्कानं गाठ सोडली. मॅडमच्या पांढऱ्या हातमोज्यावर तो तळहाताएवढा तुकडा ठेवला गेला. निळे, पांढरे, लाल डाग.

"बाकीचं?" मॅडमनी विचारलं.

"बाकीचं ह्या शहरातल्या निम्म्या गाड्यांच्या दारांत गेलं," टकटक म्हणाला. "मी घालवलं."

मॅडमना ते समजायला वेळ लागला. त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, ह्या वेळी अडखळत. सहायकानं मोठी पेटी हळूच भिंतीकडे सरकवली. मॅडमनी तुकडा उजेडाकडे धरला, कडेचे टाके बघितले, मधली चकाकी बघितली, आणि बरंच काही लिहून घेतलं.

"पाटीवर उपयोग काय लिहू?" त्यांनी विचारलं. "पोशाख म्हणू का?"

आता आक्का वळली. "लिहा. आधी अंगावर, सगळ्यांना दिसेल असं. मग अंगावर, कुणाला दिसू नये असं. मग अंथरायला. मग हातोड्याखाली. चारी लिहा. एकही गाळू नका."

"आणि बनवणारी?"

आक्कानं आईचं नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर, आणि मॅडमनी लिहिलेलं चष्मा लावून वाचून बघितलं. टकटक दारात उभा होता. ते नाव त्यानं शेवटचं मोठ्यानं ऐकलं होतं ते शाळेत, अर्ज वाचताना मास्तरांच्या तोंडून.

"त्या बाहुल्याची गाठ पण बदला," आक्का म्हणाली. "मी येऊन मारून देते."

मॅडम निघता निघता थांबल्या. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. "ते काय आहे? नवीन आहे का? ते देता का आम्हाला?"

"नाही. ते वाजतंय अजून," आक्का म्हणाली. "आधी नातीला नेसू दे, मऊ होऊ दे. वीसेक वर्षांनी या."

त्या गेल्यावर आक्कानं चपला घातल्या, मोगरी पिशवीत टाकली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती पुन्हा बाहेर काढून टेबलावर ठेवली.

"खिडकीला वीट लावीन मी," ती म्हणाली. "रविवारी येते. पानं मी सोडणार. तोवर हात लावलास तर बघ."

"नाही लावत."

"आणि वहिनीच्या पलंगाला पाय बसव."

दुपारी तो गॅरेजात गेला. मागच्या बाजूला झाड उभं होतं, पानांत गुंडाळलेलं, आक्काच्या साडीची चिंधी बांधलेलं. आत नवी साल धरली की नाही, ते बाहेरून कळत नव्हतं. रविवारला तीन दिवस होते. पान नुसतं बोटभर उचललं असतं तर दिसलं असतं. टकटक झाडाभोवती एक चक्कर मारून आला, मग आणखी एक. शेवटी त्यानं दोन्ही हात खिशांत घातले. एक खिसा आज रिकामा होता. त्या रिकाम्या खिशात त्याची बोटं चालूच होती, मधला एक घाव मोकळा सोडत.